दुसऱ्याच्या कातड्यातलं वासरू

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये मार्च म्हणजे गायी विण्याचा हंगाम. बोचरी थंडी, आणि रात्रीतून दोन-तीनदा टॉर्च घेऊन फेरी मारणारा पशुपालक. अशाच एका पहाटे त्याला वासरू मेलेलं सापडतं. गाय अजून त्याला चाटत असते, मधूनच खोल आवाजात हंबरते.

ही गाय मांसासाठी पाळलेली, अँगस किंवा हेरफर्ड जातीची. तिचं दूध डेअरीला जात नाही; वर्षाची कमाई म्हणजे ते एक वासरू. सुमारे 283 दिवसांचा गाभणकाळ आणि तेवढा चारा त्याच्यावरच लावलेला.

मग तिला दुसरं वासरू स्वीकारायला लावायची जुनी युक्ती. गाय आपलं पोर ओळखते ती मुख्यतः वासावरून. पशुपालक मेलेल्या वासराचं कातडं काढतो, पायांसाठी भोकं पाडतो आणि एखाद्या पोरक्या किंवा जुळ्यातल्या वासराला ते अंगरख्यासारखं चढवून सुतळीने बांधतो. वासरू भुकेलं असलेलं बरं. लगेच कासेला भिडतं. गाय हुंगते, लाथ झाडते, पुन्हा शेपटीपाशी हुंगते. चाटायला लागली की निम्मं काम झालं. काही दिवसांनी कातडं उतरवतात. पहिलं वासरू हगवणीने गेलं असेल, तर मात्र हे करू नये. रोगही सोबत येतो.

आपल्याकडेही पान्हा फुटावा म्हणून पेंढा भरलेलं कातडं गायीपुढे ठेवत. पण ते दुधासाठी.

नेब्रास्कातल्या त्या गायीसाठी दुसरं वासरू मिळालंच नाही, तर कासेवर लक्ष ठेवत, खुराक कमी करत तिला आटवतात. पुढच्या हंगामापर्यंत नुसतं पोसणं परवडलं नाही, तर ती बाजारात जाते.