नदीकाठचं टेबल

थायलंडला चाललेय म्हटल्यावर ऑफिसमधली पहिली प्रतिक्रिया डोळे मिचकावण्याची होती. 'आईला घेऊन चाललेय' म्हटल्यावर सगळे एकदम आपापल्या स्क्रीनमध्ये बघायला लागले.

तर, आईचा पहिला परदेश प्रवास. बोनस हातात पडला तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की यंदा हिला कुठंतरी न्यायचं. बँकॉकच का? मुंबईहून साडेचार तासांत पोचता येतं, खिशाला झेपतं आणि मुख्य म्हणजे मला थाई जेवण भयंकर आवडतं. म्हणजे, असा माझा समज होता. पुण्यातल्या मॉलमध्ये मिळते ना, ती नारळाच्या दुधातली गोडसर हिरवी करी, मेन्यूवर शेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका... तीच. आईलाही एकदा खिलवली होती. 'आपल्या सोलकढीची श्रीमंत बहीण दिसते,' असं म्हणत तिनं भात परत घेतला होता. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी बाहेर मासे खाते हे तिला माहीत आहे, पण घरात त्यावर बोलायचं नाही असा आमचा अलिखित करार आहे.

चाओ प्रया नदीच्या पश्चिम काठावर वाट अरुण आहे. वाट म्हणजे देऊळ, आणि अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. आईला हे फारच आवडलं. देवळाचं नाव पहाटेचं असलं तरी खरी मजा संध्याकाळची. दिवे लागले की समोरच्या था तियनच्या काठावरून ते बघत बसायचं. या काठावर त्यासाठीच रेस्टॉरंटची रांग आहे. त्यातल्या एकात मी तीन आठवडे आधी ईमेलनं टेबल बुक केलं होतं. नदीकाठचं. 'हो' म्हणून उत्तरही आलं होतं, स्मायलीसकट.

आम्ही पोचलो तेव्हा नदीकाठची सगळी टेबलं भरलेली. आम्हाला मिळालं ते आतलं, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून. तिथून नदी दिसत नव्हती, पण भांडी मात्र स्वच्छ ऐकू येत होती. वेटर हसतमुख. थायलंडला हसऱ्यांचा देश म्हणतात, आणि त्या मुलाचं हसू खरंच गोड होतं. अडचण एवढीच, की कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर तेच. 'व्हेज?' हसू, 'येस येस'. 'नो मीट?' हसू, 'येस, नो मीट'. 'नदीकडे टेबल कधी मिळेल?' 'येस येस.'

थाई जेवणात स्टार्टर, मेन कोर्स अशी उतरंड नसते. जे आधी तयार होईल ते येतं, सगळं मधोमध ठेवायचं आणि भाताबरोबर वाटून खायचं. हे मी वाचून गेले होते. पण आमचा भात दहा मिनिटांत आला आणि करी त्यानंतर चाळीस मिनिटांनी, याला कुठलीही संस्कृती जबाबदार नसावी. करी पाणचट आणि खारट. पॅड थायचा आंबटगोडपणा चिंचेचा आणि ताडाच्या गुळाचा असतो, इथं मात्र सरळ केचप! नूडल्सचा रंग बघूनच मी ओळखलं. आंब्याबरोबरचा चिकट भात थेट फ्रिजमधून आलेला, शितं कडक झालेली. फ्रिजमध्ये हा भात टणक होतो हे त्यांना मी काय सांगणार?

मग बिल. मेन्यूत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं छापलेली असतात, त्यांच्याकडे नीट बघत चला. पहिलं १० टक्के सर्व्हिस चार्जचं आणि दुसरं ७ टक्के व्हॅटचं, आणि हा व्हॅट सर्व्हिस चार्ज धरून लागतो. म्हणजे हजार बाटचं जेवण ११७७ ला पडतं. 'सर्व्हिस चार्ज' वाचून मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसू आलं.

तक्रार केली. मॅनेजरनं दोन्ही हात जोडून कमरेत वाकून माफी मागितली आणि उद्या या, नदीकाठचंच टेबल देतो, म्हणाला. मी जाणार नव्हते. पण आई म्हणाली, 'एवढं हात जोडून सांगतोय बिचारा, जाऊ या.' रात्री बाबांचा फोन आला. जेवण कसं आहे तिकडचं, विचारत होते. आई म्हणाली, 'नदी छान आहे हो इथली.'

दुसऱ्या दिवशी टेबल खरंच मिळालं. आणि खोटं कशाला बोलू, नजारा होता! पाण्यात हलणारे दिवे, मधूनच जाणारी लांब शेपटीची होडी, पलीकडे सोनेरी झालेला तो उंच मनोरा. मी फोटोवर फोटो काढले. आईसाठी कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली, सोम ताम. उखळीत हलकेच कुटून करतात, वर शेंगदाणे. म्हणजे घरचंच की!

आईनं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

'यात सोडे आहेत,' ती म्हणाली. अगदी शांतपणे.

'तुला काय माहीत सोडे?'

'गिरगावच्या चाळीत वाढलेय मी. शेजारच्या वहिनींनी सोडे भाजायला घेतले की चारही मजल्यांना कळायचं.'

मी चमच्यानं उकरून पाहिलं. पपईच्या किसात गुलाबी, नखाएवढे तुकडे. वेटरला बोलावलं. 'नो मीट,' तो हसत म्हणाला, 'श्रिंप. लिटल.' त्याच्या हिशेबानं तो खोटं बोलतच नव्हता. मीट म्हणजे मांस, सुकवलेली कोळंबी म्हणजे चवीपुरता मसाला. या कोशिंबिरीच्या नेहमीच्या प्रकारात ती असतेच. हिरव्या करीच्या वाटणातही सहसा कापी असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. आणि आपण जिथं मीठ घालतो तिथं ते नाम प्ला घालतात, माशाचा सॉस. मग एकदम कालची करी आठवली. विचारलं. 'येस येस.'

आईकडे बघवेना. 'अगं, काल...'

'कळलं होतं मला. पहिल्या घासाला.'

'मग बोलली का नाहीस?'

'तीन आठवडे तुझं टेबल टेबल चाललं होतं. इतक्या हौसेनं आणलंस. म्हटलं, भांड्याचा वास असेल.'

आदल्या रात्री ती नुसता भात चिवडत होती, आणि मी समोर बसून नदी दिसत नाही म्हणून धुमसत होते. माझं लक्षच नव्हतं.

भांडले मग. चांगली कचकचीत भांडले. पपईचे पैसे त्यांनी बिलातून काढले, कालच्या करीचं नावही काढलं नाही. खोलीवर आल्यावर आईनं आंघोळ केली, दोन मिनिटं डोळे मिटून बसली आणि मग पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. 'ये, तूही काही खाल्लं नाहीस.' टेबल, चाळीस मिनिटं, केचप, ते 'येस येस' या सगळ्याचा राग मला आजही आहे. पण चार तास रूफटॉप बार शोधण्यात घालवणाऱ्या मुलीला 'शाकाहारी'ला थाईत काय म्हणतात हे बघायला पाच मिनिटं मिळाली नव्हती.

ते सांगितलं आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं. शाकाहाराला तिथं 'मांगसाविरात' म्हणतात, म्हणजे चक्क आपलं 'मांस-विरती'! पण त्यात अंडं चालतं. आईसाठी शब्द हवा 'जे'. यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. 'म्हणजे चातुर्मासच की,' आई म्हणाली. चिनी परंपरेतून आलेलं हे खाणं. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस तर त्याचा उत्सवच असतो. दुकानावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं. तेवढं शोधायचं. शिवाय तिनं मला 'माय साय नाम प्ला' पाठ करून घेतलं, म्हणजे माशाचा सॉस घालू नका.

दुपारी सनाम चाय स्टेशनवरून मेट्रो घेतली. २०१९ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन आतून राजवाड्यासारखं सजवलंय. दोन स्टेशनं पुढे वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाऊन. एका गल्लीत पिवळी पताका दिसली. चार स्टुलं, काचेमागे स्टीलचे ट्रे आणि मावशी अशा, की चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. बोट दाखवायचं, त्या भातावर वाढणार. मेन्यू नाही, हसू नाही, नदी तर नाहीच. एका ट्रेकडे बघून आई दचकली, 'हे मटणासारखं दिसतंय गं.' मी 'जे? जे?' करत राहिले. मावशींनी वैतागून डोक्यावरच्या पताकेकडे बोट दाखवलं. सोयाबीनचं होतं ते. तरी आईनं घेतलं नाही. टोफू, कसलीशी पालेभाजी आणि मश्रूम घेतले. पहिला घास घेताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

शंभरची नोट दिली, तर दोघींच्या जेवणाचे पैसे कापून वर सुटे परत आले. आईनं ताटली पुढे केली.

'भात अजून मागू का गं? की वेगळे पैसे पडतील?'