श्वासाचा जमाखर्च

आमच्या घरात 'रेग्युलेटर' हा शब्द आजवर दोनच वस्तूंसाठी वापरला जात असे. एक पंख्याचा आणि दुसरा गॅसच्या सिलिंडरचा. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मी रेग्युलेटर विकत घेणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा पत्नीने साहजिकच विचारले, "कोणत्या खोलीतला बिघडला?" मुठेच्या काठी आयुष्य काढलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र कशासाठी हवे, याचे पटण्याजोगे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. आजही ते पूर्णपणे आहे असे म्हणवत नाही. मात्र त्या यंत्राच्या निमित्ताने जे शिकलो आणि जी एक चूक केली, ती नोंदवून ठेवावी असे वाटते.

सुरुवात मालवणला झाली. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला १६६४ साली प्रारंभ झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. त्या तटाला बाहेरून वेढणाऱ्या पाण्याच्या तळाशी प्रवाळ आहेत आणि त्यांत रंगीत मासे हिंडतात, हे मात्र मी चाळिशी उलटल्यावर पाहिले. पाण्यात उतरण्यापूर्वी सोबतच्या मालवणी तरुणाने एकच गोष्ट तीनदा बजावली : "सर, श्वास अडवून धरू नकात हां." मी मनात हसलो. पूरक, कुंभक, रेचक ही त्रयी लहानपणी आजोबांकडून शिकलेली. त्यांत कुंभकाला केवढा मान! इथे मात्र तेच सर्वांत मोठे पाप. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली छातीतली हवा कोंडून माणूस वर आला, तर ती दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून पूरक आणि रेचक, पुन्हा पूरक, पुन्हा रेचक; मध्ये थांबा नाही.

हा अखंड श्वास शक्य होतो तो रेग्युलेटरमुळे. त्याचे काम घरातल्या गॅसच्या रेग्युलेटरहून तत्त्वतः वेगळे नाही. टाकीत सुमारे दोनशे बार दाबाने हवा कोंबलेली असते. टाकीच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण नऊ-दहा बारांनी अधिक, इतका खाली आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा तो आणखी उतरवून थेट भोवतालच्या दाबाइतका करतो आणि आपण ओढू तेव्हाच, ओढू तेवढीच हवा देतो. या 'मागेल तेव्हा' देण्याच्या कल्पनेचा इतिहास रंजक आहे. फ्रान्समध्ये रुकेरॉल या खाण-अभियंत्याने आणि देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याने १८६०च्या दशकात तसे उपकरण बनवले होते; ज्यूल व्हर्नने १८७०च्या आपल्या समुद्रतळाच्या कादंबरीत त्याचा नावानिशी उल्लेख केला. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न वाचत वाढलेल्या माझ्या पिढीला कॅप्टन नीमो ही निव्वळ कल्पनेची भरारी वाटत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्याँ या अभियंत्याने एक झडप तयार केली. तीच झडप १९४३मध्ये त्याने आणि जाक कूस्तोने पाण्याखाली उतरवली. टंचाईतून जन्मलेली वस्तू टंचाईत विकत घ्यायची, याचे मला त्या काळात थोडे समाधानही वाटे!

कारण प्रश्न पैशांचा होता. वर्षातून पाच-सहा वेळा पाण्यात उतरणाऱ्याने खरे तर रेग्युलेटर घेऊच नये. आपल्या चेहऱ्याला नीट बसणारा मुखवटा आधी घ्यावा आणि बाकीचे भाड्याने वापरावे. हा सल्ला मला अनेकांनी दिला आणि तो बरोबरच होता. परंतु एकदा एका ठिकाणी भाड्याच्या रेग्युलेटरचा तोंडातला रबरी भाग आधीच्या कुणाच्या तरी दातांनी कुरतडलेला निघाला. त्यातून प्रत्येक श्वासाबरोबर खारट पाण्याचा घोट येई. त्या दिवशी मी स्वतःच्या रेग्युलेटरचा निश्चय केला.

आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेण्याची सवय असलेल्या माणसाला जुना रेग्युलेटर घेणे अवघड वाटत नाही. पुस्तकाची शेवटची पाने आहेत ना, वाळवी नाही ना, एवढे पाहिले की झाले. परदेशातून परतलेल्या एका परिचिताकडून मी जुना संच घेतला. घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, त्याचे सुटे भाग अजून मिळतात का. स्वस्तात मिळालेल्या जुन्या यंत्राचे रबरी कडे आणि झडपेची बैठक यांचा संच बाजारातून नाहीसा झालेला असेल, तर ते कपाटात ठेवण्यापुरतेच उरते. दुसरी, त्याची जोडणी. मालवणात मी पाहिलेल्या टाक्यांना 'योक' पद्धतीची, म्हणजे शिकंजासारखी कवळून बसणारी जोडणी लागे. 'डिन' पद्धतीचा, आट्यांनी आत फिरवायचा रेग्युलेटर अधिक दाब सोसतो, पण अशा टाकीला तो वेगळा जोड घेतल्याशिवाय बसत नाही. तिसरी, आतली रचना. साधा, असंतुलित दट्ट्या असलेला पहिला टप्पा स्वस्त असतो. त्यात हलणारे भाग थोडे, म्हणून दुरुस्तीही स्वस्त. टाकी रिकामी होत आली की त्यातून श्वास किंचित जड होतो. आपल्या कोकणच्या उबदार, उथळ पाण्यात ते चालून जाते. संतुलित पडद्याचा प्रकार महाग, पण गाळ आणि थंडी यांना अधिक दाद न देणारा. मी साधा घेतला आणि किमतीत पहिल्या सर्व्हिसचा खर्च मिळवून हिशेब केला. इथवर मी शहाणा होतो.

चूक पुढे झाली. वडील पंपाचा स्टोव्ह स्वतः उघडत. वायसर तेलात भिजवून ठेवणे, पिन मारणे, बर्नर घासणे यांसाठी त्यांनी कधी कुणाला पैसे दिले नाहीत. यंत्राला काय लागते ते आपल्याला कळते, हा त्यांचा विश्वास मला वारशाने मिळाला. त्यामागचा हात मात्र मिळाला नाही. मालवणहून परतल्यावर मी रेग्युलेटर बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवला, तो पहिल्या टप्प्याच्या तोंडावरचे टोपण न लावता. शिवाय खारट पाणी निघावे म्हणून पाण्यातच दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबले. हवेचा दाब नसताना ते बटण दाबणे म्हणजे आत जायला पाण्याला दार उघडून देणे. मग तो पुसला, पिशवीत भरला आणि माळ्यावर टाकला. वर्षाची सर्व्हिस मी 'एवढा कुठे वापरला' म्हणून पुढे ढकलली.

पुढच्या हंगामात लेक सोबत होती. एकोणीस वर्षांची, नुकतेच प्रशिक्षण पूर्ण केलेली. भाड्याच्या रेग्युलेटरची मला आठवलेली ती खारट चव तिच्या वाट्याला नको, म्हणून मी माझा तिला दिला आणि भाड्याचा स्वतःसाठी घेतला. होडीवर त्या तरुणाने तो टाकीला लावला, झडप उघडली आणि लगेच पुढे न करता मांडीवर ठेवून तो नुसता ऐकत बसला. मिनिटभर काहीच झाले नाही. मग दुसऱ्या टप्प्यातून बारीक फुसफुस सुरू झाली. त्याने बटण दाबून सोडले. ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. "सर, हो आज चलाचो नाय," तो म्हणाला. मी म्हणालो, "जरासाच आवाज आहे." हे वाक्य मी बोललो याची मला आजही लाज वाटते. लेकीने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता रेग्युलेटर परत ठेवून दिला.

दुसऱ्या शहरातल्या तंत्रज्ञाने तो उघडला, तेव्हा पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली गाळणी हिरवट झालेली होती. आत पाणी शिरल्याची ती खूण. आतल्या बैठकीवर ओरखडा होता. त्यामुळे मधला दाब हळूहळू चढत जाई आणि दुसऱ्या टप्प्याची झडप तो सहन न होऊन उघडे. या यंत्राची रचनाच अशी की ते बिघडले तर बहुधा हवा अडवत नाही, जास्तीची सोडते. परंतु खोलवर ती वाहू लागली की टाकी पाहता पाहता रिकामी होते. नवशिक्या मुलीचे तिथे काय झाले असते, याचा विचार मी पुढे कित्येक रात्री केला. झालेल्या दुरुस्तीचा खर्च, पुढे ढकललेल्या सर्व्हिसहून अधिक होता, हे सांगायला हवे. पण हिशेबाच्या वहीत लिहिण्याजोगी बाब ती नव्हे.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत मी वर्षानुवर्षे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांखाली लाल रेघा ओढत आलो. त्या चुकांनी कुणाचा श्वास गुदमरला नाही. इथे मात्र न लावलेले एक रबरी टोपण पुरले असते. ज्याचे आपल्याला अर्धवट कळते, ते दुसऱ्याच्या हाती देताना आपण किती निर्धास्त असतो, हे मला वर्गात कधी जाणवले नव्हते.

आता नियम ठरले आहेत. परतल्यावर आधी टोपण कोरडे करून घट्ट बसवायचे, मग गोड्या पाण्यात निवांत भिजत ठेवायचे, बटणाला हात लावायचा नाही. उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचे. नळ्या तीव्र मुरडायच्या नाहीत. उतरण्यापूर्वी टोपण लावूनच तोंडाने ओढून पाहायचे. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. टाकीला लावल्यावर काही मिनिटे नुसते ऐकायचे. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत सर्व्हिस, वापर झालेला असो वा नसो. आत स्वतः हात घालायचा नाही.

परवा मालवणहून आलो, तेव्हा न्हाणीघरात बादली भरून लेकीने हाक मारली, "बाबा, टोपण तुम्ही बघताय का मी बघू?" मी पाहिले. मग तिनेही पाहिले.