पद्मिनीचं माहेर, कुर्ला

वीकेंडला मॉल सोडून थेट कुर्ल्याचा सीएसटी रोड! बाबांची १९८५ची प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनलेली. म्हणजे माहेरीच आणली की! दारांचं रेक्झिन फाटलेलं, आतला हार्डबोर्ड पावसाने फुगलेला. मला हवं होतं चकाचक इंटिरिअर. चाचांनी पॅनेल उघडून दाराच्या तळाची बुजलेली भोकं दाखवली. "पहले पानी को रास्ता दो, मॅडम!" तारेने माती काढली, काचेचं कडक झालेलं रबर बदललं, मगच नवा बोर्ड, नवं रेक्झिन. बाबांच्या कोपराने झिजलेला आर्मरेस्ट मात्र मी बदलू दिला नाही. बाबा आता गाडी चालवत नाहीत. परतताना ते शेजारच्या सीटवर होते आणि माझं कोपर आपोआप त्याच झिजल्या जागी टेकलं. तुमच्या दारातही अशी एखादी म्हातारी उभी आहे? पावसाळ्याआधी कुर्ला गाठाच!