गरम तेल, गार तेल

इंग्लिश खाडीच्या तोंडाशी ५ अंश पश्चिम रेखांश येतो, त्याच्या अलीकडेच इंजिनरूममध्ये इंधन बदलून झालेलं असावं लागतं. समुद्रावर त्या रेषेची कसलीच खूण नसते. खाली मात्र सेकंड इंजिनीअर सकाळपासूनच कमी बोलायला लागतो. मी तेव्हा फोर्थ इंजिनीअर होतो, खलाशांच्या भाषेत ‘चार साब’, आणि इंधनाची सगळी उस्तवार माझ्याकडे होती.

खोल समुद्रात जहाज जे जाळतं त्याला तेल म्हणायचं ते उपचारापुरतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून झाल्यावर रिफायनरीत तळाशी उरतो तो हा काळा राब. गार पडला तर पंपाने ओढला जात नाही, म्हणून टाक्यांमध्येसुद्धा वाफेच्या नळ्या फिरवलेल्या असतात. ९८ अंशांपर्यंत तापवून तो प्युरिफायरमध्ये सोडतात. मिनिटाला हजारो फेरे घेत ते यंत्र पाणी आणि गाळ वेगळा काढतं. सगळ्यात घातक कचरा डोळ्यांना दिसतच नाही. रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कण तेलात राहून जातात. विकत घेतलेल्या तेलात ते किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, इंजिनात शिरताना १५च्या आत हवेत. ते आत गेलेच तर लायनर आणि पिस्टन रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजवतात. प्युरिफायर उघडून त्याच्या तबकड्या धुणं हे चार साबचं काम. अंगाचा वास चारदा आंघोळ करूनही जात नाही.

हे कष्टाचं असलं तरी सरळ काम. डोकेदुखी वेगळीच.

उत्तर समुद्र, बाल्टिक आणि इंग्लिश खाडीत २०१५पासून, धुरातला गंधक धुऊन काढणारा स्क्रबर जहाजावर नसेल तर, ०.१० टक्क्याहून जास्त गंधकाचं इंधन जाळता येत नाही. तिथे मरीन गॅस ऑइल लागतं, म्हणजे आपलं स्वच्छ डिझेल. जड तेल इंजेक्टरपाशी १३५ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा कुठे ते फवारण्याइतकं पातळ होतं. डिझेल मात्र ४० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. ही उडी इंजिन चालू असतानाच मारायची! फ्युएल पंपात प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट केसाहून बारीक. गार तेल एकदम आलं तर बॅरल आकसतं आणि प्लंजर जागीच धरतो. म्हणून मिनिटाला २ अंश, त्याहून घाई नाही.

त्या दिवशी सेकंड थर्मामीटरपाशी, मी व्हॉल्व्हवर. दापोलीकडचे एक मोटरमन, वयाने आम्हा सगळ्यांहून मोठे, प्रत्येक पंपाशी थांबून तेलाचं प्रमाण ठरवणारा रॅक हाताने हलवून बघत होते. पाच नंबरला ते परत फिरले.

“साब, हा जड चाललाय. बघा जरा.”

कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाचव्या युनिटच्या एक्झॉस्टचं तापमान उतरायला लागलं ते त्यानंतर. सेकंडने ब्रिजला फोन करून वेग कमी करायला लावला, तेलाचं तापमान आहे तिथेच धरलं, आणि आम्ही वंगण घालून रॅक पुढेमागे करत तो मोकळा केला. ब्रिजवरून एवढंच विचारलं गेलं: चेंजओव्हर पूर्ण कधी? लॉगबुकात वेळ, जहाजाचं स्थान आणि टाकीतलं तेल लिहावं लागतं. ब्रिजवाल्यांचंही बरोबरच होतं. अशा गजबजलेल्या वाटेवर इंजिन बंद पडलेलं जहाज कुणालाच नको असतं.

नियम चुकीचा आहे असं मला कधी वाटलं नाही. बंदराजवळ राहणाऱ्यांनी गंधकाचा धूर का गिळायचा? पण नियमाचा खर्च मोजताना फक्त महागड्या तेलाचा हिशेब होतो, खालच्या माणसांच्या तासांचा होत नाही, हे मात्र खटकतं.

२०२०पासून जगभर गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आली. १ मे २०२५पासून भूमध्य समुद्रालाही ०.१० टक्क्याचा नियम लागू झाला. मुंबईहून सुएझमार्गे युरोपला निघालेल्या, स्क्रबर नसलेल्या जहाजावर ही अदलाबदल आता भूमध्य समुद्रातल्या त्या नियमाच्या हद्दीत शिरण्याआधीच उरकावी लागते.