पाटाचे अंगण

आमच्या मालवणकडच्या माणसाला 'चला, बागेत फिरायला जाऊ' म्हटले तर तो बुचकळ्यात पडेल. बागेत शिंपायला जायचे, नारळ पाडायला जायचे, सुपाऱ्या वेचायला जायचे. नुसता फिरायला जातो तो पाहुणा, नाहीतर चोर! पण म्हणून तिथे सौंदर्याची वानवा आहे असे नाही. चिऱ्याचा गडगा ओलांडून आत शिरले की वैशाखातल्या दुपारीसुद्धा अंगावरचे ऊन उतरते. वर माड, त्यांच्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेले मिरवेल, खाली केळी आणि पाटाच्या कडेला कुणीतरी सहज खोचलेली अबोली. हे सौंदर्य कुणी मांडून ठेवलेले नाही. पाणी जिकडे गेले तिकडे तेही गेले.

माझा एक भाचा बोटीवर नोकरीला आहे. बोट स्पेनच्या बंदरात लागली तेव्हा सवड काढून तो ग्रानादा शहर पाहून आला आणि तिथल्या हेनेरालिफे नावाच्या बागेचा फोटो त्याने मला पाठवला. खाली एवढेच लिहिले होते : "मामानू, ह्यां बघलंय आणि आपली वाडी आठवली. थंयसर पण पाट आसा."

मला हसू आले. कुठे सुलतानाचा बगीचा आणि कुठे आमची चिखलाने भरलेली वाडी! पण मास्तरकीची खोड वाईट. शोध घेत बसलो. ग्रानादाच्या मुसलमान सुलतानांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यात राहण्यासाठी ही जागा बांधली. मुख्य चौकाच्या मधोमध लांबट, अरुंद पाट वाहतो, दोहों बाजूंना फुलझाडे आहेत, आणि त्या चौकाचे स्पॅनिश नावच मुळी 'पाटाचे अंगण' असे आहे. ते पाणी दारो नदीवर सुमारे 6 किलोमीटर वर अडवून डोंगराच्या कुशीने आणलेले. म्हणजे भाचा बरोबरच बोलला होता.

भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटते आणि मग महिनोन्‌महिने पाण्यासाठी विहिरीत डोकवावे लागते. ऋतू उलटे, पण व्यवहार एकच : ऊन फुकटचे, पाणी मेहनतीचे. झाडांचे तर काय सांगावे! तिथल्या अंगणातले संत्रे पूर्वेकडून गेलेले. आपला 'नारंग' हा संस्कृत शब्द फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे 'नारांखा' झाला. उलट आमच्या कातळावरचा काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आणला, नावासकट. झाडे परमुलखात रुजतात ती अशी. त्यांना फक्त पाणी घालणारा माणूस लागतो.

स्पेनमध्येच वालेन्सिया शहरात पाण्याचे एक न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, मोठ्या चर्चच्या दारात, कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात. कुणी कुणाची पाळी चोरली, कुणी पाट फोडला, याचा निवाडा तोंडी आणि तिथल्या तिथे. ही चाल शतकानुशतके चालत आली. 2009 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. हे वाचताना मला आमच्या व्हाळावरची भांडणे आठवली. पूर्वी बांध घालायच्या दिवशी घरटी एक माणूस येई. दगड, माती, झावळ्या. दुपारपर्यंत पाणी तुंबे आणि मग पाळ्यांवरून आवाज चढत. आता भांडण होत नाही. भांडायला माणसेच उरली नाहीत.

1997 मध्ये आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुणे येऊ लागले, चार घरांत पैसा आला. हे चांगलेच झाले. यंदा मुंबईहून धाकट्या भावाचे म्हणणे आले की पोफळी काढून हिरवळ करू, चार खोल्या बांधू. त्याचे गणित खोटे नाही. शिंपणेकरी मिळत नाही, शहाळी माकडे खातात, सुपारीत हाताला काही लागत नाही. मी आहे तोवर शिंपीन. पुढे काय, हा त्याचा प्रश्न. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पण 1492 मध्ये ग्रानादाच्या सुलतानाचे राज्य गेले. धर्म बदलला, भाषा बदलली, फुलझाडेसुद्धा बदलली, तरी पाट राहिला. तो सुलतानामुळे राहिला नाही, दर वर्षी कुणीतरी त्यातला गाळ काढला म्हणून राहिला. फिरायला येणाऱ्यांनी बाग पाहिली. राखली ती गाळ काढणाऱ्यांनी.

मी भावाला कळवले आहे : खोल्यांना माझी ना नाही. मांगर पडलाच आहे, त्या जागी बांधा. पोफळीला मात्र हात लावायचा नाही, आणि ज्याला उत्पन्नात वाटा हवा त्याने बांधाच्या दिवशी गावात हजर राहायचे.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तुळशीचे लग्न लागले की व्हाळाला बांध पडेल. मी दोन कुदळी काढून दांडे बसवून ठेवले आहेत.