वादळानंतरची चाळीस वर्षं
(इंग्लंडची दैनंदिनी : भाग तिसरा)

सोमवार, लिव्हरपूल

मागच्या भागात ब्रिस्टलच्या गोदीबद्दल लिहिलं होतं. या भागात मी एका खलाशाच्या मागावर आहे. त्याचं नाव जॉन न्यूटन. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं भजन त्याचं. त्याची गोष्ट सहसा अशी सांगतात : गुलामांची ने-आण करणारा हा दर्यावर्दी वादळात सापडला, देवाला शरण गेला, त्याने तो धंदा सोडला आणि हे भजन लिहिलं. ऐकायला छान वाटतं. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की ही गोष्ट टिकत नाही, आणि खरी गोष्ट हिच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

सकाळी शहराच्या मधोमध असलेल्या बाजारसंकुलात गेले. तिथे फरशीत एक गोल काच बसवली आहे. वाकून पाहिलं की खाली जुनं विटांचं बांधकाम दिसतं. ही 1715 साली सुरू झालेली लिव्हरपूलची जुनी गोदी. व्यापारी जहाजांसाठी बांधलेली ही जगातली पहिली बंदिस्त गोदी मानतात. ब्रिटिश जहाजांनी अटलांटिकपार नेलेल्या सुमारे तीस लाख आफ्रिकी माणसांपैकी जवळपास निम्मी लिव्हरपूलच्या जहाजांतून गेली. काचेवरून माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन ये-जा करत होती. मी थोडा वेळ तिथेच थांबले.

दुपारी टाउन हॉलपाशी गेले. अठराव्या शतकातली ही देखणी इमारत. मान वर करून पाहिलं तर भिंतीवरच्या नक्षीच्या पट्ट्यात आफ्रिकी माणसांचे चेहरे आणि हत्ती कोरलेले. पैसा कुठून आला हे त्या काळात लपवावंसं कुणाला वाटत नव्हतं. नगरपरिषदेने या व्यापारातल्या शहराच्या वाट्याबद्दल माफी मागितली ती 1999 च्या डिसेंबरात.

1750 च्या ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांचा न्यूटन याच बंदरातून ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या जहाजाचा कप्तान म्हणून आफ्रिकेकडे निघाला. ते वादळ तोवर दोन वर्षं जुनं झालं होतं.

मंगळवार, लिव्हरपूल ते ओल्नी

आगगाडीत त्या वादळाबद्दल वाचत बसले. न्यूटनने ते 1764 च्या आत्मकथनात बारकाईने लिहिलं आहे.

तेव्हा तो ‘ग्रेहाउंड’ या व्यापारी जहाजावर प्रवासी होता. सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याकडे उपासमार आणि अपमान सोसून तो घरी निघाला होता. शिव्या देण्यात आणि देवाची टवाळी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. 1748 च्या मार्चमध्ये उत्तर अटलांटिकात मध्यरात्री एक प्रचंड लाट जहाजावर आदळली आणि त्याच्या खोलीत पाणी शिरलं. तो शिडीने वर धावला, तेवढ्यात कप्तानाने सुरी आणायला सांगितलं म्हणून मागे फिरला. त्याच्याऐवजी जो वर गेला, तो त्याच क्षणी समुद्रात वाहून गेला.

जहाजात मेण आणि रंगाचं लाकूड भरलेलं होतं. दोन्ही पाण्यापेक्षा हलकं, म्हणून जहाज तरलं. न्यूटनने दुपारपर्यंत पंप मारला, हातपाय चालेनात तेव्हा त्याला सुकाणूवर उभं केलं. तिथे मध्यरात्रीपर्यंत उभं असताना आपलं सगळं आयुष्य त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. पुढचे जवळपास चार आठवडे शिडं फाटलेल्या जहाजात निघाले. दिवसाला अर्धा खारवलेला मासा, आणि खाणारी तोंडं बारा. बायबलातला योना देवाचा हुकूम टाळून पळाला म्हणून समुद्र खवळला आणि खलाशांनी त्याला पाण्यात टाकलं, ही कथा दर्यावर्दी लोकांना तोंडपाठ. कप्तान न्यूटनला उठता-बसता ऐकवू लागला : या जहाजाला शाप लागलाय तो तुझ्यामुळे, तुला फेकलं तरच आम्ही वाचू.

8 एप्रिलला आयर्लंडच्या लॉख स्विली खाडीत जहाज कसंबसं लागलं. वादळाच्या त्या दिवसाचं स्मरण न्यूटनने आयुष्यभर दरवर्षी पाळलं. तो बदलला, यात शंका नाही. शिव्या सुटल्या, प्रार्थना सुरू झाली. मात्र गुलामांचा व्यापार आणखी सहा वर्षं चालूच राहिला.

मिल्टन कीन्सला उतरून बस धरली. संध्याकाळी चर्चचा दगडी मनोरा दिसला आणि ओल्नी आलं.

बुधवार, ओल्नी

गाव लहान, एका रुंद रस्त्याभोवती वसलेलं. बाजारचौकात कवी विल्यम कूपरचं घर आहे. तिथेच आता कूपर आणि न्यूटन संग्रहालय आहे. 1764 साली न्यूटन इथे धर्मोपदेशक म्हणून आला. कूपर त्याचा जिवलग मित्र झाला, आणि दोघांच्या भजनांचा संग्रह 1779 साली निघाला.

‘अमेझिंग ग्रेस’ त्याने 1 जानेवारी 1773 च्या प्रवचनासाठी लिहिलं. आज आपल्या कानांत आहे ती चाल त्याला 1835 मध्ये अमेरिकेत लागली. भजनात भरकटलेल्या, उद्धार झालेल्या जिवाची कृतज्ञता आहे. साखळदंडातल्या माणसांबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही.

दुपारी नदीकाठच्या बाकावर बसून न्यूटनची कप्तानकीतली रोजनिशी वाचली. ती 1962 साली पुस्तकरूपाने छापली गेली. वारा, खोली, दिशा, खरेदी. विकत घेतलेल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. कुणी मेलं की नंबर लिहून पुढची ओळ. 1752 च्या डिसेंबरातली नोंद वाचून पुस्तक मिटावं लागलं. बंडाचा संशय आला म्हणून त्याने पोरांना बेड्या घातल्या आणि कबुलीजबाबासाठी त्यांचे अंगठे लोखंडी स्क्रूमध्ये आवळले. याच काळात तो बायकोला प्रेमाने ओथंबलेली पत्रं लिहीत होता आणि रविवारी खलाशांना जमवून उपासना घेत होता. यात ढोंग नव्हतं, म्हणूनच ते जास्त भयंकर वाटतं. समोरच्या माणसाचं माणूसपण न दिसताही भक्ती खरी असू शकते.

समुद्र सुटला तो 1754 मध्ये आलेल्या झटक्यामुळे. आपण तुरुंगाचे रखवालदार झालो आहोत, हे तेव्हाही खुपत होतं, असं त्याने पुढे लिहिलं. पण तो थांबला प्रकृतीमुळे.

ओल्नीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. इथल्या बाप्टिस्ट मंडळीने 1786 साली एका तरुण चांभाराला धर्मोपदेशक म्हणून मान्यता दिली. तो विल्यम केरी. त्यानेच पुढे श्रीरामपूरहून 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठी कोश छापला.

गुरुवार, लंडन

लोंबार्ड स्ट्रीटच्या टोकाला, बँकांच्या गर्दीत, सेंट मेरी वूलनॉथ उभं आहे. 1780 पासून मरेपर्यंत न्यूटन इथे होता. 1785 च्या डिसेंबरात तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स त्याला गुपचूप भेटायला आला. राजकारण सोडून धर्मकार्याला लागावं का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं.

आणि 1788 साली, वादळानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका छापली. माझी ही कबुली फार उशिरा येते आहे, हे त्याने तिच्यातच मान्य केलं. मग पाहिलेलं सगळं लिहिलं : जहाजाच्या पोटात दोन फळ्यांवर दाटीवाटीने रचलेली माणसं, दोघादोघांना एकत्र जखडणाऱ्या बेड्या, आणि सकाळी एकाच बेडीत सापडणारा एक जिवंत आणि एक मेलेला. पुस्तिका खासदारांपर्यंत पोचली. पुढे संसदेच्या समितीसमोर त्याने साक्षही दिली. विरोधक गुलामीविरोधकांना ऐकीव माहितीवर बोलणारे म्हणत. हा म्हातारा ऐकीव बोलत नव्हता, तो स्वतः केलेलं सांगत होता.

25 मार्च 1807 ला गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी 21 डिसेंबरला न्यूटन वारला. त्याला याच चर्चखाली पुरलं होतं. 1893 मध्ये तळघर रिकामं केलं तेव्हा त्याच्या अस्थी ओल्नीला नेल्या. काल तिथल्या आवारातली ती ग्रॅनाइटची कबर पाहिली होती. स्मृतिलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता, आणि त्यात स्वतःला नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचा चाकर म्हटलं होतं. त्यातही तो त्या पोरांच्या अंगठ्यांपर्यंत पोचत नाही. तिथे तो पोचला ते पुस्तिकेत आणि साक्षीत.

मला वाटतं, न्यूटनची सुटका वादळात झालीच नाही. वादळात तो स्वतःच्या जिवासाठी रडला. आपल्यामुळे मेलेल्यांच्या बाजूने तो उभा राहिला तो साठी ओलांडल्यावर, प्रतिष्ठा पणाला लावून, भर चौकात. पश्चात्ताप मनात होतो, प्रायश्चित्त मात्र ज्यांचं वाईट केलं त्यांच्या कामी यावं लागतं. वाचकांना एवढंच सांगणं आहे : हे भजन जरूर ऐका, मुलांना त्यामागची गोष्टही सांगा, पण सांगताना मधली चाळीस वर्षं गाळू नका.