ओट्यामागची भिंत

ओट्यामागे वॉलपेपर नको, हे सासूबाईंना पटवलं. म्हणजे पटलं असावं. मोहरी तडतडली की तेलाचे शिंतोडे कुठवर जातात, त्यांना सांगायला नकोच. साधा कागद ते शोषून घेतो. व्हिनाइलचा निदान पुसता येतो, पण गॅसच्या धगीने त्याच्याही कडा सुटतात. तिथे टाइल्सच बऱ्या. फ्रिजसमोरची कोरडी भिंत मात्र माझी.

दुकानात वेलबुट्टीचा हिरवा रोल हातात घेतला आणि ‘शेले ग्रीन’ आठवला. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेला हा रंग, त्यात आर्सेनिक. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भिंतींवर तो हौसेने चढला, आणि ओलीने बुरशी धरली की त्यातून आर्सेनिकयुक्त वायू सुटायचा. आता ते विष गेलं, बुरशी आहेच. आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा मऊ पडतात. कागदामागे ओल कोंडली तर संपलंच! म्हणून आधी गळती बंद करायची, मग प्रायमर, आणि चिकटवणं दिवाळीच्या तोंडावर.

सासूबाईंना केळीच्या पानांचं डिझाइन हवंय, मला बारीक निळ्या रेघा. परसात खरी केळ असताना छापील पानं कशाला? हे अजून बोलले नाहीये.